हिद्दच्या गोदीतली दुसरी सही

बहारीनहून परत आल्यावर स्टाफरूममध्ये मला पहिला प्रश्न आला तो सोन्याच्या भावाचा, दुसरा टेपरेकॉर्डरचा. तिथे काय बघितलं हे कोणी विचारलं नाही. म्हणून न विचारता लिहितो आहे.

मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. वडील गवंडी. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि एम.ए.चं सर्टिफिकेट भिंतीला लावायला खिळा वडिलांनीच ठोकला. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. बारा वर्षं युरोपच्या इतिहासाचा पेपर माझ्याकडे आहे. शिकवता शिकवता एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. पश्चिमेच्या लहान फौजा स्वतःपेक्षा मोठ्या फौजांना इतक्या वेळा का हरवत आल्या? तोफा, जहाजं, पैसा, सगळं खरंच. पण माझं म्हणणं असं, की माणूस गावात जसा वागतो तसाच रणांगणात वागतो. ज्या गावात साधा माणूस भर सभेत पुढाऱ्याला ‘तुमचं चुकतंय’ म्हणू शकतो, त्या गावच्या फौजेत चूक लवकर सापडते.

या विषयावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. बहारीनला नोकरी करणाऱ्या माझ्या भावोजींनी तो अंक तिकडे नेला, तिथल्या मराठी मंडळींत तो फिरला, आणि नाताळच्या सुट्टीत या, एक व्याख्यान द्या, असं बोलावणं आलं. साल पंच्याऐंशी.

मुहर्रकचा विमानतळ

ताईने पत्रात आमसुलं, सोडे आणि कुळथाचं पीठ मागितलं होतं. कस्टमच्या माणसाने पिशवी उघडली, सोड्यांचा वास घेतला आणि शेजारच्या दोघांना हाक मारली. मला वाटलं, आता संपलं. तिघांनी एकेक सोडा हातात घेऊन बघितला. मग पहिला हिंदीत म्हणाला, “ये तो हमारे घर में भी है. इतना दूर से काहे को लाया?” मी म्हटलं, बहिणीसाठी. त्याने पिशवी स्वतः बांधून दिली.

बाहेर भावोजी उभे होते. महादेव भावोजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हिद्दच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत फिटर. सातवीपर्यंत शिकलेले. मला ते कायम ‘प्राध्यापक’ म्हणतात आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही.

“काय प्राध्यापक, विमानात झोपलात की ग्रीकांना जागवलंत?”

जिदहफ्सला दोन खोल्यांत त्यांचा संसार. खाली भाजीचा बाजार, समोर खुबूज, म्हणजे तिथल्या रोट्या, भाजणाऱ्याची भट्टी. सकाळी ताई मला भट्टीवर पाठवायची आणि मी गरम खुबूज वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचो. आपल्याकडे भाकरी विकत आणली तर बाईला नावं ठेवतील. तिथे घरी करणारीला लोक विचारतात, भट्टी बंद आहे का? भाची रेखा दहा वर्षांची. मी मराठीत बोललो की सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. “मामा, डू यू टीच फायटिंग?” असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं. मी नाही म्हटल्यावर तिचा माझ्यातला रस कमी झाला.

जुफैरचं कुंपण आणि पोर्तुगीजांचा किल्ला

भावोजींची पाळी असे, म्हणून मला फिरवायला त्यांनी ओळखीचा टॅक्सीवाला दिला. यूसुफ मुहर्रकचा. त्याचे वडील मोत्यांच्या व्यापारात मुंबईला येत, त्यामुळे घरात हिंदी होती. ती त्याने मला ऐकवली आणि वर माझी सुधारली.

जुफैरला परदेशी आरमाराचा तळ आहे. कुंपणापलीकडे खलाशी चेंडूचा खेळ खेळत होते. एक जाडसर गृहस्थ बाद झाला आणि ते मानायला तयार होईना. तेव्हा विशीतला एक खलाशी थेट त्याच्या तोंडासमोर जाऊन हातवारे करून ओरडायला लागला. बाकीचे हसत होते. जाडा शेवटी मान हलवत बाहेर गेला. यूसुफ म्हणाला, “वो मोटा वाला बड़ा अफसर है.” मला खरं वाटेना. खेळ संपल्यावर त्याच पोराने टोपी घालून त्याच जाड्याला कडक सलाम ठोकला, तेव्हा वाटलं. मी तिथेच वहीत टिपून घेतलं. माझ्या व्याख्यानाला यापेक्षा चांगलं उदाहरण विकत मिळालं नसतं.

“क्या लिखता है साब? पुलिस पकड़ेगा,” यूसुफ म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

उत्तर किनाऱ्यावरचा किल्ला खजुरीच्या बागांमागे आहे. बुरूज ढासळलेले, खंदक कोरडा. पोर्तुगीज इथे होते तेव्हा तेच पोर्तुगीज आमच्या कोकण किनाऱ्यावरही होते, त्यामुळे ती भिंत मला परकी वाटली नाही. मी यूसुफला समजावलं, की एवढ्याशा देशाची माणसं एवढ्या लांब येऊन किल्ला धरून बसतात, त्यामागे नुसत्या तोफा नसतात. कप्तान मेला तर पुढे कोण, हे त्यांच्याकडे आधीच ठरलेलं असे. आपल्याकडे हत्तीवरचा सेनापती दिसेनासा झाला की फौज फुटायची.

यूसुफने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, “साब, मेरा दादा बोलता था, एक बार इनका बहुत आदमी इधर बुखार से मरा. तोप था, बंदूक था, मफी फायदा.” मफी म्हणजे नाही. “और आखिर में गया कि नहीं गया?”

गेले, हे मला कबूल करावं लागलं.

परतताना त्याने घरी नेलं. छोट्या पेल्यात वेलदोड्याची कडू कॉफी आली. पेला रिकामा झाला की त्याचा भाऊ पुन्हा भरायचा. नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून मी सात पेले प्यालो. आठव्याला यूसुफनेच माझा हात धरून पेला हलवून दाखवला. तसा हलवला की पुरे असा अर्थ होतो. सगळे पोट धरून हसले.

हिद्द

बुधवारी भावोजींनी मला गोदी दाखवायला नेलं. आखातात तेव्हा इराण-इराकचं युद्ध चालू होतं आणि तेलाची जहाजं मार खाऊन दुरुस्तीला येत. कोरड्या गोदीत असंच एक जहाज ठोकळ्यांवर बसवलेलं होतं. एका बाजूचा पत्रा भाजून काळा पडलेला, तिथे आता नवा बसवला होता. त्याच्या पोटाखालून चालताना मी आपोआप वाकलो. वास्तविक डोक्यावर हातभर जागा होती.

तिथे तात्या भेटले. तात्या भावोजींच्या गावचे, टोळीचे मुकादम. साठीला आलेले, अंगाने काटक, चष्मा जाड. त्या टोळीतला एकूण एक माणूस तात्यांनी व्हिसा मिळवून आणलेला. भावोजींना त्यांनीच आणलं, ताईला आणण्याची परवानगी त्यांनीच साहेबाकडे शब्द टाकून मिळवली. माझ्या तिकिटाच्या वर्गणीत पहिलं नावही त्यांचंच होतं.

“या मास्तर! आमच्या महादेवाचे मेहुणे म्हणजे आमचे पाहुणे. हे बघा प्लग.”

जहाजाच्या तळाला मुठीएवढे पितळी प्लग असतात. गोदी कोरडी झाली की ते काढून टाक्यांतलं पाणी सोडतात आणि जहाज पाण्यात जायच्या आधी पुन्हा घट्ट बसवून वर सिमेंट थापतात. तात्या ते स्वतःच्या हाताने बसवत. एकावर त्यांनी तळहात ठेवला आणि म्हणाले, “खलास!” टोळीतल्या कोणीतरी मागून “खलास!” म्हटलं आणि सगळे पुढच्या कामाला लागले. मी भावोजींना विचारलं, हे कोणी तपासतं का?

“कागदावर दोन सह्या लागतात. एक बसवणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची.”

“दुसरी कोणाची?”

“माझी,” भावोजी म्हणाले आणि घाईने पुढे चालायला लागले.

निघताना तात्या म्हणाले, “शनिवारी सकाळी पाणी सोडणार. बघायला या. एवढं मोठं धूड उचललं जातं ना मास्तर, पुस्तकात नाय मिळायचं.”

गुरुवारची संध्याकाळ

ताईने हमूर नावाच्या माशाचं कालवण केलं होतं, माझी आमसुलं घालून. भावोजी जेवत नव्हते. ताईने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी खिशातून तांब्याची एक चकती काढून ताटाशेजारी ठेवली.

“प्लगखालचा वायसर. स्टोअरमधून मोजून आणलेले. आज तात्यांची पेटी आवरताना हा उरलेला मिळाला.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? एक प्लग वायसरशिवाय बसलाय. नायतर नीट बसलाच नाय.” चकती पुन्हा उचलत म्हणाले, “तात्यांना दिसत नाय हल्ली. बोटाने आटे चाचपतात. मागल्या महिन्यात एक बोल्ट सैल राहिला, तो मी गुपचूप आवळला.”

“पण तुम्ही तपासलं ना? सही तुमची आहे.”

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. “प्राध्यापक, मी गेलो तेव्हा वर सिमेंट थापून झालेलं. तात्यांनी बघितलं म्हणजे बघितलं. आजवर आमच्यात कोणी त्यांच्यामागून पाना लावून बघितलेला नाय. मी सही केली.”

पाणी आत शिरलं तर काय होईल, मी विचारलं. त्यांनी हाताने दाखवलं. एक टाकी भरत जाते, जहाज ठोकळ्यांवरून उठताना एका अंगाला झुकतं. त्या वेळी गळती बघायला जहाजाच्या पोटात पंपरूममध्ये माणसं असतात. टोळीतलीच चौघं.

“साहेबाला सांगा मग!” मी म्हणालो.

“मार्चला तात्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. धाकटीचं लग्न ठरतंय. अजून एक वर्ष मागतायत. साहेबाला सांगितलं की त्यांना उद्याच्या विमानात बसवतील.”

“आपण ज्यांच्यामुळे इथे भात खातो ना,” ताई म्हणाली आणि भावोजींचं ताट झाकून ठेवलं.

“तात्यांनाच सांगा तर,” मी म्हणालो.

“तेवढी छाती असती तर तुम्हाला विचारलं असतं काय? तुम्ही शिकलेले. उद्या व्याख्यान देणार, चुकतंय म्हणायला यायला पाहिजे म्हणून. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.”

मी हो म्हटलं. अगदी सहज म्हटलं. मला खात्री होती की मला जमेल.

शुक्रवार

तिकडे सुट्टी शुक्रवारची. व्याख्यान सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. पुढच्या खुर्च्यांवर बँकेतले, ऑफिसातले मुंबई-पुण्याचे लोक. मागे आमचे फिटर, ड्रायव्हर, गवंडी, धुतलेले शर्ट घालून. अध्यक्ष तात्या. पुढच्या रांगेतल्यांना ते फारसं रुचलेलं दिसलं नाही, पण हॉल त्यांनीच मिळवला होता.

मी तासभर बोललो आणि चांगला बोललो. सालामिसच्या समुद्रातली लढाई सांगितली. ग्रीकांची वल्ही मारणारे गुलाम नव्हते, बहुतेक साधे नागरिक होते. लढाईच्या आधी त्यांचे सेनापती एकमेकांशी कडाकडा भांडले. इराणचा बादशहा मात्र किनाऱ्यावर उंच आसनावर बसून बघत होता. लढाई फिरल्यावर ज्या कप्तानांनी त्याच्यापुढे गाऱ्हाणं नेलं त्यांची मुंडकी उडाली. मग पुढे खरं सांगायला कोण येणार? रोमनांचं सांगितलं, रोज संध्याकाळी कितीही दमले तरी त्याच पद्धतीने छावणीचा खंदक खणायचे. शूर माणसापेक्षा ठरलेल्या पद्धतीवर त्यांचा भरवसा होता. इंग्रजांच्या आरमाराचं सांगितलं, जहाज गमावलं की कप्तानाची चौकशी ठरलेली. जुफैरचा खेळही सांगितला. मागे हशा झाला.

पुढच्या रांगेतून एका बँकेतल्या साहेबांनी विचारलं, “सर, मग त्याच रोमनांनी पळालेल्या पलटणीतला दहावा माणूस मारायची शिक्षा ठेवली, ती कुठल्या मोकळेपणात बसते? आणि आफ्रिकेत-आशियात जिंकले ते मोकळेपणाने की मशीनगनने?”

प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, माझं उत्तर सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली नाही. गोऱ्यांमध्ये उपजत काही आहे असंही मी म्हणत नाही. ही सवय आहे, जिथे लावली तिथे लागली, जिथे मोडली तिथे तेही हरले.

मग तात्यांनी खुर्चीतूनच विचारलं, “मास्तर, पण सगळेच बोलायला लागले तर वल्ही मारणार कोण?”

टाळ्या पडल्या. मी म्हणालो, “बोलायचं आधी, तात्या. वल्ही मारायला लागल्यावर नाही.” त्यालाही टाळ्या पडल्या. भावोजी मागे दाराशी उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

जेवणाला मसालेभात आणि जिलबी. तात्या स्वतः वाढत होते. माझ्याजवळ आले तेव्हा मी म्हणालो, “तात्या, जरा बोलायचं होतं.” ते वाढायचं पातेलं खाली ठेवून माझ्याशेजारी बसले. माझ्या खांद्यावर त्यांनीच घातलेली शाल होती. ती त्यांनी नीट केली आणि म्हणाले, “तुमचे वडील गवंडी ना? आज हवे होते ऐकायला. गवंड्याचा मुलगा साहेब लोकांना गप्प करतो. बोला, काय म्हणत होतात?”

मी म्हणालो, “मसालेभात छान झालाय.”

खरोखर हेच म्हणालो. तात्या हसले, आणखी थोडा वाढला आणि पुढे गेले. पंगतीच्या त्या टोकाला बसलेल्या भावोजींना काही ऐकू गेलं नसेल, पण त्यांना कळलं. घरी जाताना गाडीत त्यांनी मला प्राध्यापक म्हटलं नाही.

शनिवार

सकाळी मी त्यांच्याबरोबर गोदीवर गेलो. वाटेत मी म्हणालो, साहेबाकडे मीही येतो. ते म्हणाले, “तुम्ही बघायला आलाय, बघा.”

गोदीच्या काठावर डॉकमास्टर, एक लालबुंद स्कॉटिश गृहस्थ, हातात कागद घेऊन उभा होता. तात्या शेजारी. टोळी खालून वर येत होती. तात्यांनी “यल्ला, यल्ला” करून शेवटच्याला वर घेतलं. पाण्याचे दरवाजे उघडायला दोन-चार मिनिटं होती. भावोजी सरळ त्या दोघांसमोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आधी मराठीत मग मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “प्लगच्या कागदावरची माझी सही मी परत घेतो. मी न बघता केली होती.”

तात्यांबद्दल एक शब्द नाही.

डॉकमास्टरने हात वर केला आणि दरवाजे थांबले. टोळीतला एक जण दात-ओठ खात म्हणाला, “महादेवा, शरम नाय वाटत? म्हाताऱ्याच्या अन्नात माती कालवतोस?” मला अजून आठवतं, भावोजींनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले होते.

तात्या खाली गेले. मागून भावोजी, डॉकमास्टर, दोघं हातोडेवाले, आणि टोळीच्या मागे मीही. एकेक सिमेंटचा थापा फुटायला लागला. प्रत्येक प्लगला भावोजी पाना लावत आणि मान हलवत. पाचवा, सहावा, सातवा, सगळे घट्ट. मला वाटायला लागलं की भावोजी चुकले, आणि खरं सांगतो, क्षणभर मला त्याने बरं वाटलं.

मागच्या बाजूच्या एका प्लगला पाना लावायची गरज पडली नाही. तात्यांनी बोटांनी फिरवला आणि तो फिरला.

डॉकमास्टरने विचारलं, हा कोणी बसवला? भावोजी पाना पुसत राहिले. तात्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “मी, साहेब. डोळ्यांना दिसत नाही. सहा महिने झाले. कोणाला सांगितलं नाही.” त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट होतं, पण त्या दिवशी त्यांनी ते एका दमात म्हटलं.

प्लग पुन्हा बसला, वायसरसकट. या वेळी भावोजींनी बसवला. दुसरी सही डॉकमास्टरने कोणाला करायला सांगितली नाही; स्वतः खाली वाकून बघितलं आणि स्वतः केली. दुपारी पाणी सोडलं. ते धूड इंचाइंचाने उठलं. तात्या म्हणाले होते ते खरं, पुस्तकात नाही मिळायचं.

संध्याकाळपर्यंत निकालही लागला. डॉकमास्टरने भावोजींशी हात मिळवला आणि न बघता सही केल्याबद्दल त्यांच्या हातात वॉर्निंग लेटरही दिलं. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही. तात्यांना विमानात बसवलं नाही. मार्चपर्यंत हत्यारांच्या खोलीत काम, पुढे मुदतवाढ नाही. टोळीतल्या तिघांनी भावोजींबरोबर डबा खाणं सोडलं. त्या तिघांतले दोघे तर पंपरूममध्ये जायची पाळी असलेलेच. ताईकडे शेजारची बाई दोन दिवस आली नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी तात्या जिदहफ्सला आले. गावी द्यायला खजुराचा डबा होता. ताईने चहा दिला. भावोजी उठून उभे राहिले, तर तात्यांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. ते दोघे गावच्या पाण्याच्या योजनेबद्दल बोलत राहिले. मी ऐकत होतो.

जाताना दारात चपला घालता घालता तात्या माझ्याकडे वळले.

“मास्तर, शुक्रवारी जेवताना तुम्ही मला काहीतरी सांगणार होतात.”

“हो.”

“हेच ना?”

“हेच.”

“मी रागावलो असतो,” तात्या म्हणाले. “पण सगळ्यांसमोर महादेवाला उभं राहावं लागलं नसतं.”

मग माझ्या पाठीवर हात ठेवून, कठडा चाचपत, ते जिना उतरून गेले.